पर्यायी प्रमुख: कुणी नाही

तो पहिल्यांदा परवान्यांच्या कचेरीत आला तेव्हा हेल्मी एका आजीबाईंना अर्धा मैल मागे ठेवायला नकार देत होती.

"एका परवान्यावर नऊ माणसं, चार होड्या," ती काउंटरपलीकडच्या दहा जणांच्या कुटुंबाला सांगत होती. "दहावं माणूस तुमच्याबरोबर सरोवरांवर दिसता कामा नये."

"पण आईची काही हरकत नाही," थोरला मुलगा म्हणाला. "ती अर्धा मैल मागून एकटी वल्हवत येईल."

आजीबाईंनी उत्साहाने मान डोलावली. या सहलीत पहिल्यांदाच त्यांच्या मनासारखं काहीतरी घडत होतं.

कुटुंब भांडत बाहेर गेलं. पत्र्यावर पाऊस टपटपत होता आणि दारात एक उंच तरुण उभा होता. केस भिजलेले, हातात काचेची बरणी.

"कुणी रद्द केलेला एखादा परवाना... मिळेल का?"

"माणसं किती?"

"एक."

"होड्या?"

"एकच. दोन एकदम चालवायचा सराव अजून नाही."

हेल्मी हसली नाही. सहा उन्हाळे सरोवरांचे परवाने देणारं माणूस सहसा हसत नाही. पण तिचं पेन क्षणभर थांबलं... आणि ते त्याने पाहिलं.

त्याचं नाव सोरेन लुंडीन. डुलुथ शहरात लोकांचे पियानो सुरात लावून देणं हा त्याचा धंदा. परवान्याआधी दाखवायची नियमांची फिल्म त्याने हात जोडून पाहिली, चर्चमध्ये बसल्यासारखी. मग हेल्मीने प्रश्न विचारले.

"तंबू कुठे टाकायचा?"

"नकाशावर लाल ठिपका आणि जमिनीत चुलीची लोखंडी जाळी असेल तिथेच."

"रात्री झाडाला काय टांगायचं?"

"अन्न. अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून." तो थांबला. "मी खालीच झोपलो तर चालेल ना?"

"चालेल. ती बरणी मात्र इथे ठेवा. काच आत नेता येत नाही."

"आईने केलेला रानप्लमचा जॅम आहे हो."

"आईंनाही नियम लागू आहे."

त्याने बरणी काउंटरवर ठेवली. "मग तुम्ही सांभाळा. रविवारी येऊन घेऊन जाईन." आणि जाता जाता वळून, ओल्या पापण्यांमधून तिच्याकडे पाहत त्याने विचारलं, "आत मुक्कामाला सगळ्यात छान जागा कुठली? तुम्ही तर गेलाच असाल."

"हो... गेलेय ना," हेल्मी म्हणाली. तिचं बोट नकाशावर फिरलं आणि एका ठिपक्यावर टेकलं. "ऑटर सरोवर, चार नंबर. सूर्य अगदी समोर मावळतो."

पश्चिम समोर होती, त्यामुळे सूर्यापुरतं ते खरंच होतं. बाकी हेल्मी कोस्केला आयुष्यात कधी होडीतून गेलीच नव्हती.

गेली होती, एकदा. नऊ वर्षांची असताना, गावच्या जत्रेत. धक्क्यापाशीच होडी उलटली. हेल्मी डोळे मिटून दहा मिनिटं "वाचवा, वाचवा" ओरडली. मग कुणीतरी काठावरून सांगितलं, की बाई, उभी राहा. पाणी कमरेएवढं होतं. गावाला ती जत्रा अजून आठवते, आणि हेल्मीला होडीत बस असं कुणी म्हणत नाही. तीही आपणहून कधी विचारत नाही. सगळे आत जातात, उन्हाने लाल होऊन परत येतात, आणि हेल्मी त्यांना जायचे नियम सांगत राहते.

शुक्रवारी तिने जॅम नुसता हुंगला. शनिवारी एक चमचा खाल्ला. रविवारी तो आला तेव्हा बरणी अर्धी होती आणि तो कमरेपर्यंत चिखलाने माखलेला होता.

"चार नंबर," तो शांतपणे म्हणाला. "बीव्हर प्राण्यांनी खाली धरण बांधलंय. सगळी जागा पाण्यात आहे."

"अरे देवा. मग तुम्ही राहिलात कुठे?"

"तिथेच. जाळी असेल तिथेच राहायचं ना? पाय लावून चाचपली. घोट्याच्या वर पाणी होतं, पण जाळी होती."

"तीन रात्री?"

"होडीत झोपलो. दोरीने जाळीला बांधून." त्याने हळूच विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात तिथे?"

शेजारच्या टेबलावर बर्निस, कचेरीची मुख्य, कान टवकारून फायली चाळत होती. पत्रा गप्प होता. आज नेमका पाऊसही नव्हता.

"कधीच नाही," हेल्मी म्हणाली. "मी कुठेच गेलेली नाही. भीती वाटते पाण्याची. आणि जॅमही... मीच खाल्ला."

तो ओरडेल म्हणून तिने खांदे आक्रसले. त्याने बरणी उजेडात धरून पाहिली.

"कसा होता?"

"फार छान."

"एक अर्ज द्या मला," सोरेन म्हणाला.

तिला वाटलं, तक्रारीचा मागतोय. गुपचूप दिला. पण त्याने तो परत केला आणि परवान्याचा मागून घेतला. जीभ दातांत धरून बराच वेळ लिहीत बसला. मग कागद तिच्याकडे सरकवला.

ऑगस्टची बारा तारीख. माणसं: दोन. होडी: एक. गटप्रमुख: हेल्मी कोस्केला.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण सवयीने नजर खालच्या ओळीवर गेलीच. "पर्यायी प्रमुखाचं नाव राहिलंय. प्रमुख आला नाही तर..."

"राहिलं नाही. लिहिलंय बघ," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

तिथे लिहिलं होतं: कुणी नाही.

"मग मी नाही आले तर परवाना रद्द होईल. तुलाही जाता येणार नाही."

"नियमच आहे तसा," सोरेन म्हणाला. "तू नसशील तर... मला जायचंच नाहीये."

बर्निसच्या हातातली फाईल खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

बारा तारखेला सकाळी हेल्मी काउंटरच्या चुकीच्या बाजूला उभी राहिली. अंगात लाइफ जॅकेट होतं. ते तिने घरूनच घालून आणलं होतं. न्याहारीही त्यातच केली होती.

"ओळखपत्र?" बर्निस म्हणाली.

"बर्निस, सहा वर्षं मी तुझ्या शेजारी बसतेय."

"ओळखपत्र. आणि फिल्म बघायची."

हेल्मीने फिल्म पाहिली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, शेवटचं तर बर्निसने विचारायच्या आधीच. बर्निसने शिक्का मारला, जरा जास्तच जोरात, आणि मग नाक पुसलं.

धक्क्यावर सोरेन होडी धरून उभा होता. हेल्मीने पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. रानप्लमचा जॅम, तिने स्वतः केलेला, थोडासा करपलेला. "काच नाहीये," ती म्हणाली.

तिने एक पाय होडीत टाकला. होडी हलली. तिने त्याचं मनगट गच्च धरलं.

"सोरेन... पाणी कमरेएवढंच आहे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही गं," तो म्हणाला. "खोल आहे. पार खोल आहे."

हेल्मीने डोळे मिटले, उघडले. मग दुसरा पायही आत घेतला.

"बस मागे," ती म्हणाली. "प्रमुख मी आहे."