रूथ, तीस वेळा

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने गचका खाल्ला आणि दिवा गेला.

"कोणी आहे का?" तिने दारावर हात आपटला.

"आहे!" वरून आवाज आला. "मी लिफ्टवालाच. वीस मिनिटं द्या."

"वीस?"

"घाबरलात तर चाळीस वाटतील. गाणं म्हणा एखादं."

"माझं गाणं ऐकून तुम्ही हत्यारं टाकून पळाल."

"मग काहीतरी वाचा, मोठ्यानं. आवाज येत राहिला की मलाही बरं वाटेल."

तिच्या पिशवीत पुस्तक एकच होतं, बायबल. मोबाइलच्या उजेडात तिने त्यातलं रूथचं चार अध्यायांचं छोटं पुस्तक उघडलं. दुष्काळ... परक्या देशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली सासू... आणि घरी परत जा म्हटलं तरी तिला न सोडणारी विधवा सून, रूथ. पहिला अध्याय संपला तेवढ्यात दिवा लागला, लिफ्ट वर सरकली आणि दार उघडलं. समोर ग्रीसने माखलेले हात, कपाळावर काळा ओरखडा आणि हसरे डोळे.

"पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"अहो, त्या सासू-सुनेचं!"

चौथ्या मजल्यावर बाई दारातच उभ्या होत्या. एके काळी शाळेत तिला शिकवणाऱ्या बाई. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर वाचायला बंदी. पण बायबलमधलं एक पुस्तक घ्यायचं आणि महिनाभर रोज तेच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, हा त्यांचा जुना नेम. तो मोडू नये म्हणून ती संध्याकाळी ऑफिसातून थेट इकडे येणार होती. आज पहिलाच दिवस.

"पुढचं ऐकायचंय ना? या आत," बाई त्याला म्हणाल्या. "आधी हात धुवा."

तो आला आणि मग रोजच येऊ लागला. एक अध्याय ती वाचायची, एक तो. ती जमिनीचे नकाशे काढते हे कळल्यापासून तो तिला 'नकाशेवाली' म्हणायचा. तो बातम्या दिल्यासारखा वाचायचा, म्हणून ती त्याला दम द्यायची, "हळू! कोणी पाठीस लागलंय का?"

आठव्या दिवशी तिला जांभई आली.

"जांभईसुद्धा ऐकू येते हं मला," काळ्या चष्म्याआडून बाई म्हणाल्या. "अगं, एका वाचनात गोष्ट कळते. माणसं कळायला त्यांच्याकडे जाणं-येणं लागतं."

अकराव्या दिवशी वाचता वाचता तोच थांबला.

"हे बघा ना... सासू गावच्या बायकांना सांगते, भरलेली गेले होते, रिकामी परत आले. आणि रूथ तिथंच उभी आहे, तिच्या शेजारी! एवढी चालत आलेली पोर हिच्या हिशेबातच नाही?"

दहा दिवस हे वाक्य तिघांच्याही कानांवरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला सापडलं. शेताचा मालक रूथच्या पदरात जव ओततो आणि म्हणतो, सासूकडे रिकाम्या हाती जाऊ नकोस. "तोच शब्द आहे, पाहिलंत?" ती जवळजवळ ओरडलीच. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि दोघांनीही हात मागे घ्यायला जरा उशीरच केला.

"आज कोणीतरी साबण जास्तच लावलाय, इथवर वास येतोय," बाई म्हणाल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

चोविसाव्या दिवशी तिच्या हातात बदलीचं पत्र पडलं. बढती, समुद्रकाठचं शहर, किनाऱ्याचे नकाशे. दोन वर्षं तिने याचीच वाट पाहिली होती. जिन्यात तिने त्याला सांगितलं.

"अरे वा... अभिनंदन." तो कठड्याकडे बघत राहिला. "जा तुम्ही. आमचं काय... ठरलेलं लग्न मोडलं, मग आई गेली. मी आपला रिकाम्या हातांचा माणूस."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. रागाचं.

"आणि मी? मी कोण उभी आहे इथं? सासूची चूक बरोबर दिसली तुम्हाला!"

त्याचं तोंड उघडायच्या आत ती खाली उतरून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती एकटीच चारही अध्याय वाचायची, आणि मध्येच अडखळली की बाई फक्त म्हणायच्या, "पाणी पी, मग वाच."

तिसाव्या दिवशी ती शेवटचा अध्याय उघडत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात तो. दाढी वाढलेली, शर्ट प्रवासात चुरगळलेला.

"हा मी वाचू?"

त्याने वाचला. हळू, एकेक शब्द जपून. संपल्यावर बाई भिंतीला हात लावत उठल्या. "चहा टाकते. माझं स्वयंपाकघर मला पाठ आहे, मदतीला कोणी यायचं नाही."

"'तू जाशील तिथं मी येईन' हे रूथचं वचन मलाही पाठ झालंय," तो खाली बघत म्हणाला. "पण उसने शब्द नकोत. मी... मी कंपनीच्या हेड ऑफिसला गेलो होतो. तिकडच्या शाखेत जागा मागितली. साहेबांनी चार दिवस बसवून ठेवलं, पण मिळाली. दोन महिन्यांनी. त्या दिवशी मी चुकलो. माझे हात रिकामे नव्हते, मीच बघितलं नव्हतं. मला तुमच्याबरोबर राहायचंय. तुम्ही हो म्हणालात तर..."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तिथं समुद्राकडे बघत उसासे टाकीन. नोकरी सांभाळून."

तिला हसूही आलं आणि रडूही. तिने त्याचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दोन महिने म्हणजे फार होतात. रोज फोन करशील?"

तो बघतच राहिला. "काय म्हणालात?"

"करशील का रे?"

"दूध उतू गेलं!" आतून बाईंचा आवाज आला. "जाऊ दे. तुम्ही बसा!"

ती दोघं बसूनच राहिली.