खदानीतून निळा उजेड परत आला नाही

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण घडलं ते असंच. हसनाबादजवळच्या एका दगडखदानीवर, गेल्या माघातल्या एका रविवारी, भर दुपारी.

मी रजनी. जालन्यातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते.

सुरुंग उडाला की कधी कधी नारिंगी धूर निघतो. नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू उजेडातला निळा भाग खातो. खदानीच्या एका काठावर दिवा ठेवायचा, समोरच्या काठावर आरसा. परत आलेल्या उजेडात निळा किती कमी झाला, त्यावरून वायू किती ते यंत्राच्या स्क्रीनवर कळतं.

त्याच धुरात या खदानीतला मजूर मच्छिंद्र, दैवशालाचा नवरा, गुदमरून गेला. मालक म्हणाला, हार्टचा त्रास होता.

दैवशाला थेट माझ्याकडे आली. "मॅडम, मला त्यो धूर बराबर मोजून पायजे."

आधी स्वच्छ हवेचं माप हवं होतं, म्हणून खदान बंद असते तो रविवार धरला. मुकादम अप्पाराव मागे उभाच होता.

"सुरुंग न्हाई, धूर न्हाई. काय मोजून राह्यल्या मॅडम? जल्दी आवरा."

हवा खरंच स्वच्छ होती. समोरचा दगड न् दगड दिसत होता.

आणि स्क्रीनवर निळ्याची रेघ खाली गेली...

वर आली.

परत खाली...

दिवा तपासला. ठीक. आरसा जागेवर.

रेघ खालीवर होतच राहिली. कुणी श्वास घेतल्यासारखी.

मग खालून खोकला आला...

खदानीत चिटपाखरू नव्हतं.

अप्पारावचा चेहरा पांढरा पडला. "बंद करा मॅडम... हा मच्छिंद्रचाच खोकला हाय."

माझा हात बटणाकडे गेला. दैवशालानं तो घट्ट धरला.

"बंद न्हाई करायचं! तवा समदे पळाले. आज कोनी पळायचं न्हाई."

ती काठावर जाऊन ओरडली, "अवो! भिऊ नका. सोडा श्वास. मॅडम मोजून राह्यल्या!"

खोकला थांबला.

रेघ तळाला गेली... तिथंच थांबली.

झाडाचं पान हललं नाही, पण आमच्या तोंडावरून गरम हवा गेली. घसा जळला.

आणि रेघ वर येऊन सरळ झाली.

अप्पाराव कधी पळाला, कळलंच नाही.

यंत्र तपासून घेतलंय. बिलकुल ठीक आहे. मालकाचा निरोप आला, त्या रविवारचं माप काढून टाका.

काढणार नाही. वायू कुठून आला, मला सांगता येत नाही. पण मी तो मोजलाय.

येत्या रविवारी आम्ही दोघी परत जातोय.

दैवशालाला एक गोष्ट अजून सांगितली नाही. त्या दुपारी खालून आलेला खोकला एकाच माणसाचा होता... याची मला खात्री नाही.