टाकीजवळचा पांढरा फळा

मोजणी खात्यात तिच्याकडे तपासायला अंतर मोजायचं नवं यंत्र घेऊन नेहमीचा विक्रेता यायचा होता. त्याला ताप भरला, म्हणून आला तो कारखान्यातला जुळणीवाला – बगलेत पांढरा फळा, गळ्यात पिशवी, आणि दारातच तिच्यावर आदळता आदळता राहिलेला.

"सॉरी हं! लागलं नाही ना?"

"नाही. पण अंतराचा अंदाज कच्चाच दिसतोय तुमचा."

"म्हणून तर यंत्रं जुळवतो!" तो हसला. हसताना त्याचा एकच डोळा बारीक व्हायचा... मोजणी खात्यात सगळ्यात स्थिर हाताची म्हणून नावाजलेली ती, उगीचच जिन्याचा कठडा न्याहाळू लागली.

यंत्र मुठीत मावेल एवढं. डोळ्याला लावून लांबच्या वस्तूवर लेसरचा किरण टाकायचा, तो परत आला की आत आकडा उमटतो. साइटवर तिवई कोण वाहणार, म्हणून हातात धरूनच तपासायचं होतं.

"हे पहिलंच मी एकट्याने जुळवलंय," निघताना तो म्हणाला. "तुम्ही नापास केलंत, तर पुन्हा स्क्रू पिळायला बसवतील मला." चेष्टेतच म्हणाला, पण यंत्र तिच्या हातात देण्याआधी त्याने ते दोनदा पुसलं.

तो समोरच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी, तिथल्या वॉचमनकाकांच्या बाजूला फळा धरून उभा राहिला. इकडे कचेरीच्या गच्चीवर ती, आणि आकडे लिहून घ्यायला हिशेबनीस काकू. मधे फोन, स्पीकरवर.

"दिसतोय का मी?"

"फळा दिसतोय."

"आणि मी?"

"...थोडे."

तिने बटण दाबलं. आकडा आला. पुन्हा दाबलं – भलताच आकडा. तिसऱ्यांदा आणखी तिसराच. किरण फळ्यावरून निसटून मागच्या झुडपांवर जात होता.

"बाई गं," काकू पुटपुटल्या, "हे यंत्र आहे की लहरी जावई?"

फोनवरून हलकेच, "काय झालं?"

तिने फोन जवळ ओढला. "फळा जरा वॉचमनकाकांकडे द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही... टाकीमागे जा."

"मागे? का?"

"जा म्हटलं ना!"

वॉचमनकाका खांबासारखे उभे राहिले. बटण दाबलं, आकडा. पुन्हा दाबलं, तोच. कितीही वेळा दाबा, जागचा हलेना.

"आता फळा परत तुम्ही घ्या."

त्याने घेतला, आणि आकडे पुन्हा सैरावैरा.

काकूंनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. "नापास लिहून टाकू का? सोपं जाईल तुला."

खरंच सोपं होतं. एक शब्द, की सुटली. पण तो तिकडे दोन्ही हातांनी फळा छातीशी धरून वाट बघत होता – शाळेत निकालाच्या दिवशी उभं राहावं तसा.

"ऐकताय ना?" ती फोनवर म्हणाली. कान तापले होते. "यंत्र उत्तम आहे. दोष... माझ्या हाताचा आहे. तुम्ही दिसलात की थरथरतो."

काकूंनी तोंडावर रुमाल धरला. तिला वाटलं, आता ही गच्ची दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"मॅडम..."

"काय?"

"फळ्याकडे नीट बघा जरा. तो तरी कुठे जागेवर आहे?"

तिने यंत्र डोळ्याला लावलं. पांढरा फळा वाऱ्यावरच्या पानासारखा त्याच्या हातात थरथरत होता. वॉचमनकाका बाजूला उभे राहून, एकदा फळ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत, डोकं हलवत होते.

"खाली येऊ मी?" त्याने विचारलं.

"या ना," ती म्हणाली. "सावकाश या... दार उघडंच ठेवते."

काकूंनी पेन उचललं आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं, "यंत्र पास. माणसं दोन्ही नादुरुस्त."