गुडघ्यांमधली उशी

बसा ना, त्या स्टुलावर बसा. फ्रेमचे कोपरे आत्ताच चिकटवलेत, गोंद वाळल्याशिवाय काच बसवता येत नाही. फोटोतले हे तुमचे वडील का? चेहरा शांत आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोशी मी आता बोलत नाही, नाहीतर दोन शब्द बोललो असतो. एकदा बोललो, तेवढं पुरे झालं.

हसू नका. सांगतो.

आमची ही एकोणचाळीस वर्षांची होईपर्यंत विमा कंपनीत टायपिंग करत होती. एके दिवशी घरी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अहो, मी नर्सिंगला नाव घातलंय." म्हटलं, आली लहर, केला कहर! या वयात विशीतल्या पोरींच्या शेजारी बाकावर बसणार? पण बसली. पोळ्या लाटता लाटता हाडांची नावं पाठ केली, माझ्याच दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायला शिकली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पास झाली. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, खरंच वाटला. दोनेक महिने.

मग काका आले. हिच्या वॉर्डातले, चार नंबरच्या खाटेवरचे. झटका येऊन अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली, फक्त डोळे हलायचे. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कुशीवर वळवायचं आणि गुडघ्यांच्या मध्ये एक उशी द्यायची, म्हणजे हाडावर हाड घासत नाही. हे मला कसं माहीत? अहो, आमच्या घरी जेवताना दुसरा विषयच नसायचा! "आज काकांनी माझ्याकडे बघून पापणी हलवली." "मी आले की काकांना बरं वाटतं, कळतं मला." इकडे मी भाजीत मीठ नाही म्हणून ओरडतोय, तर बाईसाहेबांचं लक्षच नाही.

नुसता जळफळाट व्हायचा माझा. लुळ्या म्हाताऱ्यावर कोणी जळतं का? मी जळलो. एकदा ही डबा विसरली म्हणून द्यायला वॉर्डात गेलो, तर दारातूनच दिसलं. ती वाकली होती, एक हात त्यांच्या खांद्यावर, एक कमरेला, आणि म्हणत होती, "वळूया हं काका... हळूच... झालं." असल्या आवाजात ती माझ्याशी शेवटचं कधी बोलली होती, ते आठवेना. म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डबा बाकावर आदळून परत आलो.

पुढे काका गेले. ही दोन दिवस धड जेवली नाही. आठवड्याभराने त्यांचा मुलगा त्यांच्या फोटोला फ्रेम करून घ्यायला आला, कुठे, तर माझ्याच दुकानात! दुपारची वेळ होती. मुलगा निघून गेल्यावर मी फोटो टेबलावर ठेवला. तेच डोळे. म्हटलं, "काका, गेलात ना? आता तरी सोडा तिला." एवढं म्हणून मोठी काच उचलायला वाकलो, तोच कमरेत अशी उसण भरली की ओरडताही येईना.

शेजारच्या दुकानदाराने गाडीत घालून घरी पोचवलं. डॉक्टर म्हणाले, कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही. आणि तुम्हाला सांगतो, मला आनंद झाला! एकदाचा माझा नंबर लागला. आता ती त्याच हातांनी मला वळवायची, "वळूया हं... हळूच... झालं," आणि गुडघ्यांमध्ये उशी सरकवायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

ती ड्यूटीला गेली की मी एकटा. एका दुपारी डोळा लागला, तो कमरेत कळ आली म्हणून उघडला. गुडघ्यांमध्ये उशी नव्हती. ती माझ्या पाठीमागे, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पडली होती. घसरली असेल, म्हणून हात लांबवून ओढली. मधोमध दबली होती, कोणीतरी आवळून धरल्यासारखी. आणि उबदार होती.

दुसऱ्या दिवशी मी झोपलोच नाही. तोंड भिंतीकडे, दाराला बाहेरून कुलूप, घरात चिटपाखरू नाही. मोरीत नळ ठिबकत होता. मग वास आला... स्पिरिटचा आणि अंगाला लावायच्या पावडरीचा, वॉर्डात येतो तो. माझ्या पाठीमागे गादी दबली. सावकाश, जड माणसाने कूस बदलावी तशी. आणि माझ्या गुडघ्यांमधली उशी मागे सरकू लागली.

मी ती दोन्ही हातांनी धरली. भीती वाटली का? वाटली हो, दरदरून घाम फुटला. पण त्याहून जास्त राग आला. उशीसुद्धा?

"काका..." मी म्हटलं. "सोडा..."

ओढ जोराची नव्हती. आजारी माणसाची असते तशी, अशक्त, पण हट्टी. किती वेळ आमची ओढाताण चालली होती, कोण जाणे.

कुलूप वाजलं. ही आली. वाटलं, आता तरी उशी सुटेल. सुटली नाही. हिने पर्स ठेवली, हात धुतले, पलंगापाशी आली आणि माझी बोटं एकेक करून उशीवरून सोडवली.

"अहो, असं काय लहान मुलासारखं करता?" त्याच मऊ आवाजात ती म्हणाली. "ही काकांची आहे. तुम्हाला दुसरी आणते."

मग माझ्या पाठीमागे वाकली. "वळूया हं... हळूच... झालं."

मी भिंतीकडेच बघत राहिलो.

कंबर बरी झाली, बघताय ना, हिंडतोफिरतो. तो फोटो काकांचा मुलगा कधीच घेऊन गेला. हिला मात्र मी अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर ती सरळ उत्तर देईल, याचीच भीती वाटते. हल्ली ही खाली गादी घालून झोपते, पलंगावर जागा पुरत नाही म्हणते. आणि रोज ड्यूटीला निघताना पलंगावरची चादर ताणून बसवते, एक सुरकुती म्हणून ठेवत नाही.

आधी त्या बाजूची. वेळ उरला, तर माझी.