थेरनने बंद केलेलं सभागृह

ज्याच्या एका शब्दावर अख्खा ग्रह हलायचा, तो राजा पृथ्वीवरच्या एका पठारावरील वेधशाळेत एकटा का राहत होता? दहा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं सुटत नव्हतं. तिची आई तिथे काम करायची. पठारावर दुसरं मूल नव्हतं. शाळाही पडद्यावरच भरायची. म्हणून ती दुपारी निमार ग्रहाच्या थेरन राजाजवळ जाऊन बसे.

एके दिवशी निमारहून निरोप आला. तो वाचून राजा कितीतरी वेळ खिडकीशी उभा राहिला.

"काय झालं, आजोबा?"

"सभेनं चौकशीला बोलावलंय. सभा म्हणजे लोकांनी निवडून दिलेली माणसं." तो खाली बसला. "आमचा सूर्य फार लांब. म्हणून आकाशातले प्रचंड आरसे फिरवून आम्ही जमिनीवर ऊन पाडतो. सभा म्हणाली, 'आमच्या संमतीशिवाय आरसे हलवायचे नाहीत.' मला राग आला. राजाला अडवणारे हे कोण? मी सभागृहाला कुलूप ठोकलं आणि राजधानीतलं ऊन वाढवलं."

"मग?"

"दक्षिणेतलं कमी झालं. तळी गोठली. माझी बहीण तिथेच राहायची. ती त्या थंडीत गेली."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगणारे सभेत बसायचे. बाकीचे मला घाबरायचे."

शाल्मली विचार करत म्हणाली, "आईच्या हीटरला तापनियंत्रक आहे. खोली तापली की तो हीटर बंद करतो. तो काढला तर हीटर तापतच राहील."

"बरोबर. हेच प्रत्याभरण (केलेल्या कामाचा परिणाम परत आपल्यापर्यंत पोचणं). सभा राजाला परिणाम सांगते आणि थांबवतेही. शेवटी लोकांनी कुलूप तोडलं आणि मी पळून आलो. आता राजालाही कायदा लागू आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "जाऊ का मी?"

त्याने आजवर कुणालाच असं विचारलं नव्हतं. तो गेला की शाल्मलीच्या दुपारी ओस पडणार होत्या.

"जा," ती म्हणाली. "सगळं खरं सांगा."

पाच महिन्यांनी त्याचा निरोप आला. 'सभेनं सहा दिवस प्रश्न विचारले. आता मी दक्षिणेत राहतो. रोज तळ्याचं तापमान मोजून सभेला कळवतो. एकटाच असतो. पण काल तळ्यापलीकडून एका बाईनं हाक मारली. महाराज म्हणून नाही, थेरन म्हणून.'