शेवंतीखालची वाफ

"तुमच्या खतानं सगळी शेवंती मारली! आज दुपारी मीटिंग आणि उद्यापासून पाला जाळायचा. बस्स!"

सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथकाका गरजले आणि तरातरा निघून गेले.

मयूर विहारमधल्या आशय, श्रावस्ती आणि संपदाची हिवाळ्याची सुट्टी तिथेच करपली. गेल्या वर्षी गेटपाशी पाला जळायचा, तेव्हा आशयला श्वास लागून दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. म्हणून तर श्रावस्ती आणि संपदानं हट्टानं खताचे खड्डे करवून घेतले होते! आता आशय मफलरमध्ये तोंड खुपसून उभा होता. त्याच्याकडे बघून श्रावस्तीला रडूच आलं.

"यार, ते बघ!" आशय अचानक म्हणाला. "शेवंतीखालून धूर येतोय!"

श्रावस्तीनं मातीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "धूर कसला, वाफ आहे! केवढं गरम!"

"पण तयार खत तर थंड असतं," संपदा म्हणाली. "आणि ही पानं बघ, अख्खीच्या अख्खी!"

तिघं मागच्या भिंतीलगतच्या खड्ड्यांकडे धावली. तयार खत जसंच्या तसं होतं! शेजारचा गोणपाटानं झाकलेला खड्डा मात्र अर्धा रिकामा होता.

"कुणी केलं हे? सरळ विचारलं तर कोण कबूल करणार?" आशयनं विचारलं.

"सरळ कोण विचारतंय?" संपदा हसली.

मीटिंगमध्ये ती साळसूदपणे म्हणाली, "माळीभैया गावी गेलेत, तरी शेवंतीला एवढं भरपूर खत! कुणी घातलं हो?"

काकांची छाती फुगली. "कुणी म्हणजे? मीच! झाकलेल्या खड्ड्यातलं. झाकून ठेवलंय म्हणजे तयार, एवढं कळतं मला!"

"काका, विरजणावरही झाकण असतं!" श्रावस्ती ओरडलीच. "ते अजून कुजत होतं! कुजताना ते तापतं, मुळं भाजतात. कच्चा पाला मातीतलंच पोषण ओढून घेतो. पुरता कुजला की मग झाडांना देतो!"

आशयनं दोन्ही खड्ड्यांतलं खत भरलेली दोन घमेली पुढे केली. अध्यक्ष हेमलताकाकूंनी दोन्हींत हात घातला. एकातलं गरम आणि उग्र वासाचं, दुसऱ्यातलं गार, काळंभोर, भुसभुशीत.

"शाबास रे पोरांनो! दीनानाथजी, पाला जाळायचा नाही. बिल्कुल नाही!" काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. ते आशयपाशी आले. "चुकलो रे बाळा. माझ्या चुकीपायी तुझा श्वास पुन्हा कोंडला असता."

"काका, दोन रोपं अजून हिरवी आहेत," आशय हळूच म्हणाला. "कच्च्या खतातून पटकन मोकळी केली तर जगतील."

दीनानाथकाकांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि थेट मातीत गुडघे टेकले.