घूं थांबायची तेव्हा…

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या चुलत आजोबांच्या बाबतीत घडलं. आयुष्यभर विजेची कामं केलेला माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की उठून चालू लागायचे. त्यांनी ही हकिकत मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा ती जशीच्या तशी होती.

साल १९४७. माघ महिना. जागा… सांगलीजवळचं माधवनगर, गिरणीच्या चाळीतली शेवटची खोली.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती.

भर दुपारचे अडीच वाजले होते.

आजोबा तेव्हा तिशीचे होते, म्हणून इथे त्यांना नावानेच, गोपाळकृष्ण म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे टेलिफोन-बिनतारीच्या कामावर होते. परत आल्यावर गिरणीत वायरमन म्हणून लागले. बोटीतून परतताना त्यांची एका मराठा शिपायाशी गट्टी जमली होती. तो जोतीराम. लोणंदजवळच्या खेड्यातला.

जोतीरामच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं इटलीत गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

लढाईवरून परतल्यावर सुट्टीत कलकत्त्याला गेला असताना त्याने एक हवाईयन गिटार घेतली होती. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातात पोलादाची दांडी धरून ती तारांवरून सरकवायची. दांडी धरायला तीन बोटं पुरतात. पण उरलेली दोन बोटं मागून तारांवर टेकवावी लागतात, नाहीतर तारा मागे झणझणत राहतात.

जोतीरामच्या तारा झणझणायच्या.

गावी थोरला भाऊ सयाजी रोज ऐकवायचा. "अर्ध्या हाताचा माणूस. ना कोयता धरंल, ना मोट हाकंल. ह्याला पोसायचा किती दिस?"

तशात सांगलीच्या एका नाटक कंपनीचे व्यवस्थापक गंगाधरपंत म्हणाले, "गिटार पाहिजे आहे आम्हाला. पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली पाहिजे. महिनाभराने, शुक्रवारी येतो ऐकायला."

म्हणून जोतीराम माधवनगरला येऊन राहिला होता, आणि गोपाळकृष्ण त्याच्यासाठी अँप्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारी पेटी, बनवत होता. लष्करी भंगारातला ट्रान्सफॉर्मर, रेडिओतले काचेचे चार व्हॉल्व, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि गिटारच्या तारांखाली बसवायला जुन्या हेडफोनमधलं लोहचुंबक.

आवाज मोठा झाला.

पण आवाजाबरोबर ती आली… घूं.

वाजवणं थांबलं, हात उचलला, की स्पीकरमधून सुरू. घूंऽऽऽ. एकसुरी. न संपणारी.

तीन आठवडे गोपाळकृष्ण तिच्यामागे लागला होता. ट्रान्सफॉर्मर हलवला. वायरी पिळून पिळून बसवल्या. पुण्याहून नवा कंडेन्सर आणवला. अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली आणि पेटीला अर्थिंग दिलं.

घूं.

"अहो, आता जेवता का?" बायको पद्मा विचारायची.

"जेव तूच!" तो खेकसायचा. "तीन आठवडे झाले. एक साधा आवाज सापडत नाही मला!"

एकच गोष्ट त्याला कळली होती. तारांना हात लावला की घूं बसते. दोन बोटं टेकवली की अर्धी होते, सगळा तळवा ठेवला की जवळजवळ जाते. तिचा जीव माणसाच्या अंगातून जमिनीत उतरतो. यात काही गूढ नाही, कुणीही वायरमन सांगेल.

बुधवारी सकाळची पाळी करून आल्यावर, अडीच वाजता तो टेबलाखाली आडवा पडून पेटीचं बूड तपासत होता. गिटार खाटेवर. जोतीराम उंबऱ्यात पाठमोरा बसलेला. पद्मा शेजारी गेलेली.

घूंऽऽऽ.

आणि घूं… अर्धी झाली.

गोपाळकृष्ण थांबला. व्हॉल्व लाल दिसत होते. वीज होती.

"जोतीराम, तारांना हात लावू नकोस रे."



त्याने डोकं बाहेर काढलं. खाटेजवळ कुणी नव्हतं. जोतीराम उंबऱ्यातच होता. डावा हात त्याने काखेत घट्ट दाबून धरला होता.

घूं पुन्हा वाढली.

"सांधा सैल आहे कुठेतरी," गोपाळकृष्ण चडफडला. संध्याकाळपर्यंत त्याने पेटीतला एकूण एक सांधा उकलून पुन्हा डाख दिला. हात भाजला. पेटी चालू केली.

घूं होतीच.

गुरुवारी गिरणी बंद होती. सकाळी दहाला पुन्हा तेच. आवाज अर्धा झाला. या वेळी तो गिटारपाशीच उभा होता. त्याने सहज एक तार छेडली.

टप्.

वाजली नाही. कुणीतरी तिच्यावर बोट ठेवलंय, अशी.

त्याने शेजारची छेडली. टप्. उरलेल्या चार मात्र खणखणीत वाजल्या.

त्याच क्षणी अंगणातल्या नळापासून जोतीराम ओरडला.

"गोपाळराव! तार कुनी छेडली?"

तो धावत आत आला. चेहरा पांढराफटक.

"तुला कसं कळलं?"

"माझ्या बोटांत वाजली."

"कुठल्या बोटांत?"

जोतीरामने डावा हात पुढे केला. जिथे काहीच नव्हतं, तिथे उजव्या हाताने दाखवलं.

"ह्या."

गोपाळकृष्णाचा पारा चढला. "काहीतरी बोलू नकोस. हात-पाय तुटलेल्यांना असे भास होतात, डॉक्टरच म्हणतात."

"व्हय, भास रोज हुतो. लय गार लागायचं, वल्ल्या चिखलात दाबल्यावानी. पर ही पेटी चालू झाल्यापासनं बोटं ऊन व्हायल्यात. आन् काल दुपारी… तार लागली बोटांना."

गोपाळकृष्णाने याचा निकाल लावायचं ठरवलं. स्टेशन तिथून दहा मिनिटांवर. तिथल्या मोठ्या घड्याळाशी त्याने आपलं मनगटी घड्याळ जुळवलं. जोतीरामला कागद-पेन्सिल देऊन स्टेशनात बसवलं. "बोटांना काही लागलं की वेळ लिही. पाच वाजता ये."

घरी येऊन पेटी चालू केली आणि खुर्चीत बसला.

चार वाजून दहा मिनिटं. घूं अर्धी. त्याने लिहिलं.

चार बावीस. अर्धी. लिहिलं.

चार एकतीस…

घूं पूर्ण थांबली.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा खोली इतकी शांत झाली. बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

पद्मा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. "गेली वाटतं एकदाची कटकट!" हसून म्हणाली, आणि चहा ठेवून गेली.

गोपाळकृष्ण गिटारपाशी गेला. एकेक करून सहाही तारा छेडल्या.

टप्. टप्. टप्. टप्. टप्. टप्.

मग त्याच्या डोळ्यांदेखत सहाही तारा एकदम… किंचित खाली दबल्या.

त्याने खटकन बटण बंद केलं.

पाचला जोतीराम आला. कागदावर वाकडंतिकडं लिहिलेलं होतं. चार दहा. चार बावीस.

बस्स. एवढंच.

"तिसरी वेळ?"

"तिसरी न्हाई. दोनदाच लागलं."

"चार एकतीसला?"

"न्हाई, गोपाळराव. शपथ."

गोपाळकृष्णाने काय पाहिलं ते सांगितलं. जोतीरामने तो कागद घडी करून खिशात घातला. मग हळूच म्हणाला,

"दवाखान्याच्या तंबूमागं एक खड्डा व्हता. माझी बोटं तितं पुरली. सोबतीचा अर्जुना सांगत व्हता, खड्डा मोकळा नव्हता म्हनं. एक मानूस व्हता त्यात. बिल्ला न्हाई, कागुद न्हाई. आपला का दुश्मनाचा, कुनालाच ठावं न्हाई. त्याच्याच उशाला ठिवली."

गोपाळकृष्णाने उठून पेटीची वायर भिंतीतून उपटली.

"मी उद्या पंतांना नाही म्हणून कळवतो."

"आन् मी कुटं जाऊ?" जोतीराम म्हणाला. "सयाजीच्या दारात?"

शुक्रवारी चार वाजता गंगाधरपंत आले. घूं होती. पंतांनी तोंड वाकडं केलं. जोतीरामने गिटार मांडीवर घेतली.

त्या दिवशी त्याने जसं वाजवलं, तसं पूर्वी कधीच वाजवलं नव्हतं. मागे एक तार झणझणली नाही. एकेक सूर धुतल्यासारखा स्वच्छ. त्याने हात उचलला…

घूं नाही.

"वा! हे कसं जमवलंत?" पंतांनी विचारलं.

गोपाळकृष्ण गिटारजवळ सरकून तारांकडे बघू लागला.

"आणखी एक होऊ द्या."

जोतीरामने तार छेडली.

टप्.

पुन्हा छेडली. टप्. कपाळावर घाम आला. पंत घड्याळाकडे बघू लागले.

जोतीराम खाली वाकला. बाकावर दाटीने बसलेल्या माणसाला सांगावं, तसा हलक्या आवाजात म्हणाला,

"सरक की गड्या जरा."

आणि तार वाजली.

पंतांना वाटलं, तो गोपाळकृष्णालाच म्हणाला. त्यांनी तिथल्या तिथे नोकरी पक्की केली. पेटीसुद्धा जोतीरामबरोबर गेली. गोपाळकृष्णाने ती परत मागितली नाही, आणि त्याचा एकही प्रयोग बघायला तो गेला नाही.

त्याला सर्वांत जास्त सलायचं ते हे की, मुळात ती घूं कशाची होती, हेही त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

दोन वर्षांनी साताऱ्याच्या एसटी थांब्यावर जोतीराम भेटला. अंगाने भरला होता. नवा कोट होता. त्याने घरच्यांची चौकशी केली, पद्मावहिनींना नमस्कार सांगितला. गाडी आली. जोतीराम पायरीवर चढला, आणि गोपाळकृष्णाने न राहवून विचारलं,

"बरं चाललंय ना?"

"लय झ्याक," जोतीराम हसला. "सुरवातीला तरास दिला त्यानं. पर आता त्यो बी बरा वाजवतुय."

गाडी निघून गेली.

आजोबा ही हकिकत इथेच थांबवायचे. "तुम्ही काय म्हणालात मग?" मी तिन्ही वेळा विचारलं.

तिन्ही वेळा त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.